दिवसा रिकामे होणारे गाव

पांढुर्णा हे नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्याने गोटमार उभी राहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवावयाचे, त्यावर निशाण बांधावयाचे, आणि त्या निशाणासाठी एका काठावरून पांढुर्णेकरांनी व दुसऱ्या काठावरून सावरगावकरांनी एकमेकांवर दगड भिरकावयाचे, ही आमच्याकडची जुनी रीत. तिच्यात माणसे जखमी होतात, कधी प्राणासही मुकतात. त्या दिवशी छायाचित्रकार येतात, वार्ताहर येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आम्ही छापून येतो आणि मग वर्षभर आम्हांला कोणी विचारीत नाही. श्रोतेहो, आज मी त्या एका दिवसाविषयी बोलणार नाही. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत, पहाटेच्या अंधारात डब्याची पिशवी खांद्याला अडकवून स्टेशनाकडे अगर बसथांब्याकडे जाणाऱ्या माणसांविषयी, आणि ती गेल्यावर मागे जे गाव उरते त्याविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

आमचा मुलूख सातपुड्याच्या पायथ्याचा. छिंदवाड्याकडून सिल्लेवानीचा घाट उतरला की सौंसरचा प्रदेश लागतो; मुलताईकडून आगगाडी घाट उतरली की पांढुर्णे लागते. दोन्ही तालुके मध्य प्रदेशातले. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता दोहोंचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला आहे. घरात मराठी, बाजारात मराठी आणि हिंदी हातात हात घालून, आणि कचेरीत हिंदी, असा आमचा भाषाव्यवहार. शेतात कापूस आणि तूर, ओलिताखाली संत्र्याचे बगीचे. सौंसरहून नागपूर सडकेने साठ-सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून रेल्वेने सुमारे शंभर. आमची राजधानी जे भोपाळ, ते मात्र पांढुर्ण्याहून अडीचशे किलोमीटरांहूनही दूर. तेव्हा आमचे पोट, आमचे आजारपण आणि आमची खरेदी नागपुराकडे, तर आमचे दाखले आणि आमचे अर्ज भोपाळाकडे, अशी ओढाताण आमच्या जन्माला पुजलेली आहे.

ही ओढाताण इतिहासाने केली. अठराव्या शतकाच्या प्रारंभी देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, नागपूर शहर वसविले. देवगडचा किल्ला आमच्याच छिंदवाड्याच्या डोंगरांत आहे. म्हणजे मूळ पाहू गेल्यास नागपूर हे ह्या डोंगराचे लेकरू. पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले, १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी झाले, आणि लेकरू मोठे झाले म्हणजे आईबापांनीच त्याच्या दारी जावे तसे आम्ही तिकडे जाऊ लागलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही राहिला. राजधानी रातोरात पाठीमागे गेली. परंतु रूळ काही कोणी उखडले नाहीत. १९२० च्या दशकात झालेला नागपूर-इटारसी रेल्वेमार्ग तसाच राहिला, आणि त्यावरून माणसे तशीच जात राहिली. सौंसरकडच्या लोकांना अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, केळवद, सावनेर असे करीत ती नागपुरास इतवारीला पोहोचे. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली, आणि काही वर्षांनी तिच्या जागी रुंद रूळ आले. मधल्या काळात सौंसरकर बसने गेले, मोटारसायकलने गेले, पण गेलेच.

ह्या जाण्यायेण्याला आमच्याकडे ‘अपडाऊन’ म्हणतात. शब्द इंग्रजांच्या रेल्वेचा, पण आता तो इतका आमचा झाला आहे की लग्न ठरविताना मुलीचा बाप विचारतो, “मुलगा नागपुरात राहतो, की अपडाऊन करतो?” रेल्वे दीडशे किलोमीटरांपर्यंतच्या प्रवासाला मासिक पास देते, त्या नियमात पांढुर्णे बसते, आणि त्या पासावर आमच्या पिढ्यांनी संसार केले. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे हा पास खिशात बाळगला. नागपुरातील एका खासगी पेढीत मी हिशेबनीस होतो. माझे गाव पांढुर्णे स्टेशनापासून चार किलोमीटरांवर. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत आणि हे त्यांच्यातलेच एक.

आमचा दिवस कसा होता ते सांगतो. घरातील बाई साडेतीनला उठे. मी चारला उठे. पोळ्या, भाजी, मिरचीचा ठेचा, एवढे डब्यात भरले की सायकलीवर टांग मारावयाची. स्टेशनावर सायकल ठेवावयाची, आणि गाडीत आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसावयाचे. नरखेडला आणखी माणसे चढत, काटोलला दांडीवर लोंबकळण्याची पाळी येई, कळमेश्वर गेले की लोक चपला चाचपू लागत. डब्याच्या एका कोपऱ्यात भजनी मंडळ, दुसऱ्या कोपऱ्यात गुडघ्यांवर पंचा पसरून पत्त्यांचा डाव, दाराशी दुधाच्या कॅन आणि वांग्या-कोथिंबिरीच्या टोपल्या. परत येताना तीच माणसे, त्याच जागी, फक्त भजन जरा खालच्या सुरात. घरी येईतो रात्रीचे आठ वाजत. मुले पेंगुळलेली असत. माझी मोठी मुलगी लहानपणी तिच्या आईला विचारी म्हणे, “रविवारवाले बाबा आज येतील का?” ह्या वाक्याला आम्ही त्या काळी फार हसलो. आता तितके हसू येत नाही.

मौज अशी की आम्हां अपडाऊनवाल्यांचे खरे गाव म्हणजे तो डबा होता. काटोलच्या कोणाला मधुमेह आहे, नरखेडच्या कोणाच्या मुलीचे लग्न अडले आहे, हे आम्हांला तोंडपाठ असे. डब्यात वर्गणी काढून आम्ही एकाचे शस्त्रक्रियेचे पैसे भरले होते. परंतु माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून जे घर होते, त्यातील म्हाताऱ्याला गेले सहा महिने रात्री झोप येत नाही, हे मला ठाऊक नव्हते. ते कळले तेव्हा फार उशीर झाला होता. तीच गोष्ट सांगण्यासाठी आज मी आपल्यापुढे आलो आहे.

ह्या शेजाऱ्याला सारे गाव ‘काकाजी’ म्हणे. मोठा हुन्नरी माणूस. संत्र्याच्या कलमांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जंबेरीच्या रोपाची साल हलक्या हाताने उकलून तिच्यात संत्र्याचा डोळा भरावयाचा, वर पट्टी गुंडाळावयाची, आणि डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकावयाचा, हे काम ते अशा सफाईने करीत की शंभरातले फारच थोडे डोळे वाया जात. आमच्या बगीचातली दीडशे झाडे त्यांच्याच हातची. मला त्यांनी ते काम शिकविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पण मी रविवारीच हाती लागे, आणि डोळा भरण्याचा हंगाम काही रविवार पाहून येत नाही.

१९९६ सालच्या एप्रिलमधील गोष्ट. कामाचा दिवस होता. सायंकाळची गाडी पांढुर्ण्याला लागली आणि मी पूल उतरून सायकलीपाशी आलो, तो आमच्या गल्लीतील एक पोरगा तेथे उभा. म्हणाला, “भाऊ, लवकर चला. काकाजी गेले. सकायपासून तुमचीच वाट पाहून राह्यले सारे.”

काकाजी सकाळी साडेदहाला गेले होते. आमच्या बरोबरीची माणसे त्या वेळी नागपुरात होती. काही सौंसरच्या बाजूला बोरगावच्या कारखान्यांत होती. काकाजींचा थोरला मुलगाही आमच्याच गाडीने जाणारा. गावात पुरुष उरले होते ते सहा. त्यांतले दोघे काठी टेकणारे, एक दम्याचा रोगी. तिरडी बांधून तयार होती. ती उचलणारे खांदे नागपुराहून यावयाचे होते. एप्रिलचे ऊन, पत्र्याचे घर. रात्री अग्नी द्यावयाचा नाही हा आमच्याकडचा नेम. पण सकाळपर्यंत थांबणे शक्य नव्हते. शेवटी रात्री नऊ वाजता गॅसबत्तीच्या उजेडात आम्ही त्यांना नेले. ज्या माणसाने उभ्या जन्मात नागपूर तीन की चार वेळा पाहिले, त्याची शेवटची वाट नागपूरच्या गाडीने साडेदहा तास अडवून धरली.

हा प्रसंग मी त्या वेळी डब्यात सांगितला, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या गावची तशीच एक कथा सांगितली. कोठे वीज पडून गोठा पेटला तेव्हा विझवावयास माणसे नव्हती. कोठे बाळंतीण अडली आणि बैलगाडी जुंपणारा कोणी नव्हता. सर्वांचे सार एकच : दिवसा गाव रिकामे असते. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा उच्चारले की ते खरेच आहे असे आम्हांस वाटू लागले.

ते खरे नाही हे मला काकाजींच्या घरीच कळले. दहाव्यानंतर मी काकींना भेटावयास गेलो होतो. मी आपले नेहमीचे बोललो : फार वाईट झाले, गावात कोणी नव्हते. काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कोनी नव्हतं कसं? आम्ही होतो ना. चाळीस बाया होतो त्या अंगनात. आम्ही बायायनं खांदा देला असता. पन कोनी म्हनलंच नाही.”

श्रोतेहो, माझे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होते. हिशेब हा माझा धंदा. जमाखर्चात एक पैसा सुटला तर रात्र रात्र शोधणारा मी. पण गावाच्या हिशेबातून चाळीस माणसे मी सरसकट वगळीत आलो होतो, आणि ती चूक मला दाखविली ती अक्षरशत्रू असलेल्या एका म्हातारीने.

मग मी मागे वळून पाहू लागलो. रविवारी रात्री आम्ही अपडाऊनवाले देवळाच्या पारावर बसून गावाचे निर्णय करीत असू. नळाला पाणी किती वाजता सोडावे, शाळेच्या आवाराला कुंपण कोठून घालावे, दळणाच्या गिरणीची वेळ कोणती, हे सारे आम्ही ठरवीत असू. म्हणजे ज्या गावात दिवसाचे बारा तास आम्ही पाऊलही ठेवीत नव्हतो, ज्याला आम्ही बहुधा अंधारातच पाहत होतो, त्याचा कारभार आम्ही चालवीत होतो. आणि जी माणसे त्या गावात दिवसभर वावरत होती त्यांना पारावर जागा नव्हती. पाणी सकाळी सहाला सोडावयाचे ठरले होते, कारण तेव्हा आम्ही गेलेलो असतो आणि घरात गडबड कमी असते, असा आमचा समज. प्रत्यक्षात त्याच वेळी बायका गोठ्यात असत. हे आम्हांला कोणी सांगितले नाही; कारण आम्ही विचारले नाही.

त्या वर्षी आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली अगदी साधी. आम्हां नोकरदारांच्या सुट्या निरनिराळ्या वारी असत. पेढीवाल्यांना रविवार, दुकानांत काम करणाऱ्यांना दुसराच वार, कारखान्यातल्यांना पाळीप्रमाणे. कोणत्या वारी कोण गावात असतो ह्याची आम्ही एक वही केली आणि ती किराणा दुकानात टांगून ठेवली. आपल्या सुटीचा दिवस हा अर्धा आपला आणि अर्धा गावाचा, असे ठरले. त्या दिवशी कोणास दवाखान्यात न्यावयाचे असेल, विजेच्या खांबाची तक्रार करावयाची असेल, खांदा द्यावयाचा असेल, तर वहीत ज्याचे नाव असेल त्याने उठावयाचे. त्याच वहीच्या मागल्या पानांवर नागपुरातून आणावयाच्या वस्तू लिहिल्या जाऊ लागल्या : मेडिकल कॉलेजातून कोणाचा रिपोर्ट, कोणाची औषधे, मोटारपंपाचा सुटा भाग, पोरांची पुस्तके. गाव ज्याला दुरावा समजत होते, तोच असा थोडासा उपयोगाचा झाला.

दुसरी गोष्ट आम्ही केली असे म्हणणे खरे होणार नाही, ती झाली. घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनंतर मध्य प्रदेशात १९९४ साली पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. पुढे हे प्रमाण निम्म्यावर गेले. पुढल्या एका निवडणुकीत आमच्या गावाला सरपंचबाई मिळाल्या. पुष्कळ ठिकाणी असे होते की सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. आमच्याकडेही तोच बेत होता. परंतु नवरोबा पहाटेच्या गाडीने जाणारे! तालुक्याचा माणूस यावयाचा तो दुपारी. कागद पुढे आला की बाईंना स्वतःच विचारावे लागे, स्वतःच उत्तर द्यावे लागे. पहिले चार महिने त्या घाबरत होत्या. वर्ष सरता सरता तालुक्याचा माणूस घाबरू लागला. पाणी साडेसातला सुटू लागले ते त्यांच्याच कारकिर्दीत. आगगाडीने आमच्या गावाचे जे नुकसान केले ते मी सांगितलेच. हा उपकार तिच्या नावावर जमा केला नाही तर हिशेब पुरा होणार नाही.

अशी गावे आपल्याकडेच आहेत असे नाही. पुण्याहून मुंबईस रोज जाणारे लोक डेक्कन क्वीनच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या जगले. ती गाडी १९३० साली सुरू झाली. दूर आयर्लंडात डब्लिन शहराभोवती मीथ आणि किल्डेअर ह्या परगण्यांतल्या खेड्यांची १९९० नंतर हीच गत झाली. शहरात घरे महागली, म्हणून माणसे खेड्यांत राहावयास आली. खेड्यात चर्च होते, एक दुकान होते, एक मद्यगृह होते. भोवती शेकडो नवी घरे उठली, आणि दिवस उजाडण्यापूर्वी मोटारी शहराकडे धावू लागल्या. २००८ साली तेथील बाजार कोसळला तेव्हा कित्येक वसाहती अर्ध्या बांधलेल्या स्थितीत तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्यात आणि आमच्यात एक मोठा फरक आहे. तेथे शहरातली माणसे झोपण्यासाठी खेड्यात आली. आमच्याकडे खेड्यातली माणसे पोटासाठी शहरात जातात आणि झोपण्यासाठी परततात. त्यांना गाव नव्याने जोडावे लागते. आम्हांला हातचे गाव राखावे लागते. पण प्रश्न दोघांपुढे एकच. जेथे आपण केवळ मुक्काम करतो, त्या जागेचे आपण रहिवासी आहोत काय?

आमच्या बाबतीत ह्या प्रश्नाला राज्याच्या सीमेची आणखी एक गाठ आहे. नागपुरात मला लोक ‘एमपीवाला’ म्हणत, आणि आमच्या राज्यात पलीकडच्या जिल्ह्यात गेलो की ‘मराठी’. आमचा मुलगा नागपुरात शिकला तरी महाराष्ट्राचा रहिवासी ठरत नाही. मध्य प्रदेशाचा जातीचा दाखला महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीत राखीव जागेसाठी चालत नाही. म्हणून आमची मुले बहुधा दुकानांत, पेढ्यांत, खासगी दवाखान्यांत काम करतात. कन्हान नदी आमच्या सौंसर तालुक्यातून वाहत जाऊन पुढे नागपूरकरांची तहान भागविते. तिला कोणी दाखला विचारीत नाही. माणसाला मात्र विचारतात. उलटही घडते. बोरगावात १९९० नंतर रेमंडचा कापडाचा कारखाना आणि इतर कारखाने आले, तेव्हा सावनेर-नागपूरची माणसे सीमा ओलांडून आमच्याकडे कामाला येऊ लागली. सकाळी सडकेवर दोन्ही दिशांनी बसगाड्या भरून जातात, आणि दोन्ही बाजूंची गावे दिवसभर बायका, म्हातारे आणि शाळकरी पोरे यांच्या हवाली असतात.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभरातल्या प्रवासी गाड्या एकाएकी थांबल्या. मी तोवर निवृत्त झालो होतो. पण माझा मुलगा तीच गाडी धरीत होता. त्या महिन्यांत आमच्या गावाने पन्नास वर्षांत प्रथमच आपले सारे पुरुष दिवसाउजेडी पाहिले. आणि खरे सांगावयाचे तर पुरुषांनीही गाव तेव्हाच पाहिले. दुपारी दोनला आपले पत्र्याचे घर किती तापते, हे कित्येकांना चाळिसाव्या वर्षी कळले. आपल्या वडिलांचा दिवस पारावर कसा जातो, आई विहिरीवर किती खेपा करते, शाळेतले पोर घरी हिंदीतला धडा मराठीत समजून कसे घेते, हे सारे त्यांनी नव्याने पाहिले. पहिला पंधरवडा सारे आनंदात होते. दुसऱ्या पंधरवड्यात पैसा संपू लागला. तिसऱ्यात भांडणे सुरू झाली. कारण गावाची जी घडी दिवसाच्या माणसांनी बसविली होती, तीत ह्या रात्रीच्या माणसांना हात घालावासा वाटू लागला. एका घरची सून मला म्हणाली, “आबाजी, गाडी कधी सुरू होते हो?” तिच्या स्वरात चेष्टा होती; पण नुसती चेष्टा नव्हती.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण सारी माणसे पुन्हा गाडीत बसली नाहीत. काहींनी मधल्या काळात नागपुरात खोल्या घेतल्या त्या सोडल्या नाहीत. काहींनी बगीचाकडे लक्ष दिले आणि ते गावातच राहिले. माझ्या मुलाने खोली घेतली. तो तेथे सोमवार ते शनिवार राहतो, रविवारी येतो. सून येथेच आहे. ती जवळच्या एका शाळेत शिकविते. गेल्या दिवाळीत मुलगा मला म्हणाला, “बाबा, तिकडेच घर घेऊ. तुम्हीही चला. दवाखाना जवळ आहे.” त्याचे म्हणणे चुकीचे नाही. त्याची पाठ दुखते, त्याच्या मुलाला चांगली शाळा हवी आहे, आणि माझ्या छातीचे दुखणे मी कितीही लपविले तरी त्याला ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षे ज्याने मुलांना ‘रविवारवाला बाप’ दिला, त्याने मुलाला काय उपदेश करावा? मी त्याला जा म्हटले नाही, राहा म्हटले नाही. मी सुनेला विचारले. ती म्हणाली, “मला अजून विचार करू द्या.” ती विचार करीत आहे. आमच्या घरात हा निर्णय तीच करील, एवढे आम्ही ठरविले आहे. आणि काकींनंतर मी शिकलेली गोष्ट एवढीच आहे.

मला आपल्यापैकी कोणासही गावाला परत फिरा असे सांगावयाचे नाही. पोटामागे जाणाऱ्या माणसाला थांबविण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि आमचा बगीचा साऱ्यांना पोसू शकत नाही हेही मला कळते. जंबेरीच्या मुळावर संत्र्याचा डोळा वाढतो; काकाजी म्हणत, “फळाचं नाव संत्र्याचं, पन पानी जंबेरीच पेते.” शहरातल्या पगारामागे असे एखादे जंबेरीचे मूळ असते, एवढे ध्यानात असले तरी पुरे. मागणे लहान आहे. तुम्ही अपडाऊन करीत असाल, तर आपल्या गावात दुपारी बारा वाजता कोण कोण असते ह्याची एकदा मनात यादी करून पाहा. ती यादी तुम्हांस पाठ येत नसेल, तर तुम्ही त्या गावाचे अजून मुक्कामीच आहात. आणि जी नावे त्या यादीत येतील त्यांना विचारल्यावाचून गावाचा कोणताही निर्णय रात्रीच्या पारावर करू नका.

ती वही अजून किराणा दुकानात आहे. तिची ही कितवी प्रत, ते दुकानदारालाही आठवत नाही. आता तिच्यात बायकांचीही नावे आहेत. पाच वर्षांपूर्वी प्रथम एका मुलीने आपल्या आईला खांदा दिला, तेव्हा तिचे नाव कोणी खोडले नाही. माझ्या मुलाचे नाव रविवारच्या पानावर आहे. मागील महिन्यात त्याच्यापुढे दोनदा रेघ आहे, म्हणजे तो आला नाही. मी स्वतः सातही वारी गावात असतो, म्हणून माझे नाव सातही पानांवर आहे, जरी खांदा देण्याच्या कामाचा मी आता राहिलेलो नाही. रोज सायंकाळी चहाची पुडी आणावयास गेलो की मी ती वही उलगडून पाहतो. माझी वेळ येईल तेव्हा घड्याळात दुपारचे बारा वाजलेले असतील की रात्रीचे आठ, हे मला ठाऊक नाही. त्या दिवशी सुटी कोणाची आहे एवढे मात्र पाहून ठेवलेले बरे.